चोवीस पळ्या पाणी

१४ जून २००२, शुक्रवार

आज आलं ते —

बॅटरीवर चालणारी मोटार, एक. पांढरी, दोन दारांची. बेंगळूरहून लॉरीवर. दोन लाख बहात्तर हजार. (ह्यांच्या प्रॉव्हिडंट फंडातले.)
लॉरीवाल्यास वरखुशी, पन्नास.
बॅटरीचं पाणी, पाच लिटरचा कॅन, साठ. — पाण्याला साठ!
नारळ सहा. चाकांखाली ठेवायला लिंबं चार, दोन रुपये. कापूर घरचा.

हे म्हणाले, "पाणी म्हणू नकोस. डिस्टिल्ड वॉटर. वाफ करून परत थंड केलेलं. त्यात काही म्हणता काही नसतं." मी म्हणाले, काही नसलेल्याला साठ रुपये? तर हसले. साखरेपायी डाव्या पायाची बोटं कापली त्याला दोन वर्षं होतील. तेव्हापासून असे हसले नव्हते.

ह्या गाडीला क्लच नाही, गिअर नाही. डावा पाय लागतच नाही. म्हणून घेतली. आणि लेकीसाठी, भुवनासाठी घेतली. ते बोलत नाहीत, पण मला ठाऊक.

१६ जून, रविवार

रात्रभर वायर लावली की सकाळी काट्याखाली हिरवा आकडा येतो. अजून किती किलोमीटर जाईल तो. आज ६४.

"हिशेबाची वही तुझी. आकडेही तूच लिही," म्हणाले. चष्म्याशिवाय त्यांना जवळचं नीट दिसत नाही. ते किल्ली फिरवतात, मी वाकून आकडा वाचते आणि मांडते.

ह्या घरात देवनागरी मला एकटीला येते. आमच्या वडिलांनी शिकवली, पुढं एस.एस.एल.सी.पर्यंतची शाळा सगळी तमिळमध्ये झाली. ह्यांना मराठी बोलता येते, वाचता नाही. वहीला कुलूप लागत नाही ते ह्याच्यामुळे.

२३ जून, रविवार

पापनाशमला, भुवनाच्या सासरी, जाऊन आलो. सकाळी ६३, जाऊन-येऊन बावन्न, परत आलो तेव्हा ११. हिशेब चोख जुळला.

भुवना पलंगावर. लग्नाला अकरा वर्षं झाली, आता कुठे दिवस गेलेत. डॉक्टरीणबाईंनी पाय खाली टेकू नको म्हणून सांगितलंय, म्हणजे बाळंतपणाला माहेरी येणं नाहीच. दोन वर्षांनी अप्पांना दारात बघून तिनं उशीवरून मान उचलली. मग म्हणाली, "गाडी खेळण्यातली वाटते, अप्पा. चावी देता का मागून?"

पाणी आम्ही आमचं नेलं होतं. मुलीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं अन्नपाणी घ्यायचं नाही — ह्यांच्या घरची रीत. मला जुनी वाटते, पण मोडवत नाही. जावई रघुराम, शाळेत शिकवतो, थट्टेखोर. म्हणाला, "मामा, वायर आणली असती तर दुपारभर गाडीला चार्ज लावला असता. परतीची काळजी नाही."

"नको. करंट म्हणजे अन्नच ते. गाडीचं."

"अहो, करंट सरकारचा. माझा कुठं?"

"बिल तुझ्या नावावर येतं ना?"

भुवना हसून हसून पोट धरून म्हणाली, "हे बाळ आलं की मग तरी माझ्याकडची फिल्टर कापी प्याल ना?" हे म्हणाले, "पहिला घोट त्याच्या नावानं." तिनं त्यांचा हात धरून पोटावर ठेवला. हे खिडकीबाहेर बघत बसले. हात मात्र काढला नाही.

७ जुलै, रविवार

६२. गेलो, आलो. ९ उरले. भुवनाला लिंबाचं लोणचं दिलं.

२१ जुलै, रविवार

६०. आलो तेव्हा ७. हे म्हणाले, "अठ्ठावन्नच्या खाली आकडा असला तर निघायचं नाही. वाटेत थांबलो तर मला बसमध्ये चढता येत नाही, तुला ठाऊक आहे."

२८ जुलै, रविवार

५५. गेलो नाही.

हे पुढची सीट उचलून बघत होते. खाली आठ बॅटऱ्या, एकेकीला तीन तोंडं. "तहानल्यात. ऊन काय कमी आहे?" कॅन संपत आला. दुसरा तिरुच्चीहून यायचाय, तुळजारामनं मागवलाय. (दक्षिण मुख्य रस्त्यावर ज्याचं बॅटरीचं दुकान आहे तो. आपल्यातलाच.) कधी येईल ते सांगता येत नाही म्हणाला.

भुवनाचा फोन. "आज का नाही आलात?" मी म्हणाले, गाडीला तहान लागलीय. तिला वाटलं मी थट्टा करते.

३ ऑगस्ट, शनिवार

आडी अठरा, आडी महिन्याचा अठरावा दिवस. कावेरीला नवं पाणी येतं, तिची ओटी भरायची, चित्रान्न करून काठावर जेवायचं. ह्या वर्षी मेट्टूर धरणाचं दार उघडलंच नाही. तिरुवैयारुला बायका वाळूत खड्डा खणून त्यात दिवा लावत होत्या. काही जणी नळाखाली घडा धरून तीच कावेरी म्हणत होत्या. मीही तिथं हळदकुंकू वाहिलं. माझ्याच्यानं घास गेला नाही.

देवघरात गेल्या वर्षीच्या कावेरीचा तांब्या आहे, मेण लावून तोंड बंद केलेला. मरताना तोंडात घालायला ठेवलेला.

दुपारी हे झोपले. मी मेण फोडलं.

आठ बॅटऱ्या, तिनं गुणून चोवीस तोंडं. आणि आचमनाची नावंही चोवीसच. हे माझ्या मनात पहिल्या दिवसापासून होतं, बोलले नव्हते. केशव, नारायण, माधव — एकेका नावानं एकेका तोंडात एक पळी. शेवटची कृष्णाची. मी म्हणाले, कावेरीमाई, तू या वर्षी आली नाहीस, निदान इतकं कर. ह्यांना माझ्या लेकीपर्यंत पोचव, तिचं बाळ ह्यांच्या हातात पडू दे.

कुणाला सांगितलेलं नाही. ज्यात काही म्हणता काही नाही अशा पाण्यानं कुणाची तहान भागते?

४ ऑगस्ट, रविवार

६३.

हात जोडले. हे म्हणाले, "आकड्याला नमस्कार काय करतेस?"

११ ऑगस्ट, रविवार

सकाळी ६२. गेलो. भुवनाचे पाय सुजलेत, पण चेहऱ्यावर तेज. येताना अय्यमपेट्टैच्या पुढं आकडा एकदम खाली आला. घरी पोचलो तेव्हा २. हे दाराशी गाडीतच बसून राहिले. "दहा हवे होते. आठ गेले कुठं?"

जांभळ्या रंगाच्या लुगड्याच्या पदराला बारीक भोकं पडलीत. कपाटात झुरळ शिरलंय. डांबरगोळ्या आणायला हव्यात.

१७ ऑगस्ट, शनिवार

सोमवारी ५९. बुधवारी ५१. काल ४८. वापरली नाही, जागेवरून हलवली नाही, तरी उतरते! ह्यांनी भिंतीवर आलेखाचा कागद लावलाय. एकतीस वर्षं कॉलेजात फिजिक्सची प्रात्यक्षिकं घेतली, आता आकडा कळत नाही म्हणून माणूस जेवत नाही.

तिरुच्चीचा कॅन आला, ह्यांनी थोडं थोडं भरलं. पण दर शुक्रवारी घालते तशा मी काल आधीच चोवीस पळ्या घातल्या होत्या. तांब्यात थोडंच उरलंय, म्हणून विहिरीच्या लोटाभर पाण्यात चार थेंब मिसळते. थेंब पडला की सगळी कावेरीच.

आज ६०. काल ४८, आज ६०. मला आता शंका नाही.

२५ ऑगस्ट, रविवार

५३. गेलो नाही. भुवना फोनवर म्हणाली, "आई, बसनं तू तरी ये." मी म्हणाले येते. हे वर्तमानपत्र वाचत होते, पान उलटलं नाही. मग मी म्हणाले, पुढच्या रविवारी दोघंही येतो.

१ सप्टेंबर, रविवार

५४.

८ सप्टेंबर, रविवार

६०. निघालो. मी वाटेवर नावं म्हणत होते. अय्यमपेट्टैला ३० दिसले. चौदा किलोमीटरमध्ये तीस गेले. हे थांबले, मागं वळवली. घरी आल्यावर फोन मलाच करावा लागला. भुवनानं पायसम करून घेतलं होतं शेजारणीकडून. "तुम्ही खाणार नाही ते ठाऊक आहे. नुसतं समोर ठेवायला," म्हणाली.

१३ सप्टेंबर, शुक्रवार

तांब्या रिकामा झाला. शेवटचे थेंब. आज प्रत्येक तोंडाला दोन-दोन पळ्या.

१७ सप्टेंबर, मंगळवार

शनिवार ६१, रविवार ६१, काल ६२, आज ६१. स्थिर! हे म्हणतात, "कारण कळल्याशिवाय माझा विश्वास नाही." मला कारण कळलेलं आहे.

१९ सप्टेंबर, गुरुवार

रघुरामचा फोन. दिवस भरायच्या आत झालं. मुलगा. आकडा ६१. निघतो.

२२ सप्टेंबर, रविवार

तीन दिवस वही उघडली नाही. आता लिहिते, नाहीतर लिहिलंच जाणार नाही.

फोन सकाळी आठला आला. रघुराम म्हणाला, "मामी, बाळ फार लहान आहे. डॉक्टर काही सांगत नाहीत. टॅक्सी करून या. टॅक्सीच करा." हे म्हणाले, टॅक्सी बोलावतो. मीच म्हणाले, एकसष्ट आहेत, चार दिवस झाले स्थिर आहेत, टॅक्सी शोधण्यात अर्धा तास जाईल. मी म्हणाले. ही ओळ मी खोडणार नाही.

अय्यमपेट्टै ओलांडलं आणि ३८ चे १२ झाले, १२ चे ४. मग ती नुसती थांबली. आवाज नाही, काही नाही. बसला हात केला, ती थांबली, पण पायरी केवढी उंच. ह्यांनी दोनदा पाय उचलला. कंडक्टर म्हणाला, "पेरियवरे, आजोबा, वेळ होतो." हे मला म्हणाले, "तू जा. तू तरी जा." मी गेले नाही. ह्यांना रस्त्यावर टाकून कशी जाणार होते? जायला हवं होतं. दोन तास उभे होतो. मग केळीचे घड नेणाऱ्या टेंपोवाल्यानं पुढं बसवून घेतलं.

साडेअकराला पोचलो. बाळ दहाला गेलं होतं. तान्ह्याला ठेवत नाहीत. रघुरामच्या काकांनी अकरालाच नदीकाठी नेऊन वाळूत ठेवलं.

टॅक्सीनं सव्वानऊला पोचलो असतो. पाऊण तास हातात असता.

भुवना दवाखान्यातून संध्याकाळी घरी आली. आम्ही तिच्याच घरी ओसरीवर बसून होतो. ती आईबिई काही म्हणाली नाही. म्हणाली, "त्याचे कान अप्पांसारखे होते. पाळ्या मोठ्या. मी नर्सला सांगितलं, त्याचे आजोबा येताहेत, इतक्यात झाकू नका."

हे उठले. मग रघुरामला म्हणाले, "प्यायला पाणी दे."

रघुराम माझ्याकडे बघायला लागला. माझ्या पिशवीत आमची बाटली भरलेली होती. हे म्हणाले, "तुझ्या घरचं दे. मूल झालं होतं ना?"

फुलपात्र दोन्ही हातांनी धरून प्यायले. सगळं. भुवनानं भिंतीकडे तोंड केलं.

२४ सप्टेंबर, मंगळवार

गाडी लॉरीला बांधून आणली. उद्या तुळजाराम येतो.

२५ सप्टेंबर, बुधवार

तुळजारामनं सीट उचलली, काचेची नळी आत घालून पाणी ओढलं. उजेडात धरलं. तांबूस.

"सार, हे नुसतं डिस्टिल्ड नाही. विहिरीचं आहे. लॉरीवाले घालतात असलं, मग त्यांचंही असंच होतं. आतल्या आत चार्ज उतरतो, आणि वरच्या आकड्याला पत्ता नसतो. म्हणूनच तो असा नाचत होता. सगळ्या बॅटऱ्या गेल्या. कुणी घातलं?"

मी दाराच्या चौकटीत उभी. तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं.

ह्यांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं नाही. पदराकडे पाहिलं. तेच जांभळं लुगडं होतं.

"मी घातलं," म्हणाले. "कॅन संपला होता."

"सार, तुम्ही?"

"मी."

तुळजारामला हसावं की काय करावं कळेना. "बरं झालं रिटायर झालात," म्हणाला.

२६ सप्टेंबर, गुरुवार

जेवताना ह्यांनी एवढंच म्हटलं, "त्या लुगड्याचं पुसायला फडकं कर. अ‍ॅसिडनं पडलेलं भोक शिवलं तरी टिकत नाही." मी वाढता वाढता थांबले. मग म्हणाले, "डोळ्यात उडालं असतं तर? सांगायचंस तरी." आणि ताकाचं भांडं पुढं केलं.

मी काय काय सांगणार होते. चोवीस नावं, वाळूतले दिवे. ताक वाढलं.

२९ सप्टेंबर, रविवार

ह्यांनी स्वतः पापनाशमला फोन लावला. मी शेजारी होते, तिचा आवाज मला इथवर ऐकू आला.

"चूक माझी, भुवना. बॅटरीत विहिरीचं पाणी घातलं गेलं माझ्याकडून."

मग — "एकतीस वर्षं पोरांना शिकवलंत, अप्पा. पाण्या-पाण्यातला फरक. आणि माझ्याच वेळेला?" फोन ठेवला.

हे पुन्हा लावायला गेले नाहीत. रिसीव्हर पुसून जागेवर ठेवला.

५ ऑक्टोबर, शनिवार

भुवना मला रोज फोन करते. जेवलीस का, गुडघा कसा आहे, सगळं विचारते. अप्पांचं नाव नाही. हे खोलीत असले तर मी त्यांच्याकडे बघत बोलते. ते उठून बाहेर तिण्णैच्या ओट्यावर जातात, म्हणजे मला मोकळं बोलता यावं.

गल्लीतसुद्धा कळलंय. कापीच्या दुकानात त्यांचा कुणी जुना विद्यार्थी भेटला. "सार, पाण्याचं सूत्र बदललं का आता?" घरी येऊन मलाच सांगितलं, हसत. मी स्वयंपाकघरात गेले.

का बोलत नाही मी? तिचा रोजचा फोन बंद होईल म्हणून. लिहिलं एकदाचं. दुसरं कारण नाही. देवाची भक्ती केली आणि माणसाच्या मागं लपले.

१५ ऑक्टोबर, मंगळवार

विजयादशमी. तुळजारामनं नव्या बॅटऱ्या बसवल्या. मी गाडीला कुंकू लावलं, सीटच्या जवळ गेले नाही. दारातल्या कोलमच्या, रांगोळीच्या रेषेवरून ह्यांनी पुढं-मागं करून पाहिली.

६४.

२० ऑक्टोबर, रविवार

६४. पाच दिवस झाले, रोज ६४. एक इकडे नाही, एक तिकडे नाही. आणि आता जायचं कुठं?

तरी सकाळी हे आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून गाडीत बसले. दहा मिनिटं. मग आत आले आणि शर्ट घडी करून ठेवला.

भाजी ठेवायला मी मागची डिकी उघडली. आत चार्जिंगची वायर नीट गुंडाळून ठेवलेली होती. ही वायर कधी घराबाहेर गेली नव्हती, भिंतीवरच्या खिळ्याला असायची. मी विचारलं, ही इथं? म्हणाले, "असू दे. कुणी बोलावलं तर लागेल. तिच्याकडे लावता येईल."

२१ ऑक्टोबर, सोमवार

कार्ड टाकलं. तमिळमध्ये लिहिलं, तिला ही लिपी वाचता येत नाही. इथं उतरवून ठेवते.

"भुवना, बॅटरीत पाणी अप्पांनी घातलं नाही. मी घातलं. सात वेळा, चोवीस-चोवीस पळ्या, त्यांच्या चोरून. टॅक्सी नको असंही मीच म्हणाले. त्यांना हे पदराच्या भोकांवरून कळलं आणि त्यांनी आपल्यावर घेतलं. माझ्याशी बोलायचं की नाही ते तू ठरव. पण रविवारी त्यांना या म्हण. त्यांनी वायर गाडीत ठेवली आहे, तुझ्या घरचा करंट घेतील, कापीही घेतील. मी इथंच राहावं म्हणालीस तर राहीन. फोन करू नकोस, फोनवर मला बोलता येणार नाही. उलट टपाली कळव. — आई"